नर्सरीतला नागरमोथा: घ्यावा का, आणि घेतला तर ठेवावा कुठे

नागरमोथ्याचे रोप पैसे मोजून विकत घ्यायचे, हे ऐकून मोहोळ-बार्शीकडचा कुठलाही शेतकरी हसेल. त्याच्या लेखी हा लव्हाळा. उसात, कांद्यात, डाळिंबाच्या आळ्यात, जिथे ओल तिथे हा हजर. 1977 साली जगभरातल्या उपद्रवी तणांची क्रमवारी प्रसिद्ध झाली, तेव्हा पहिला नंबर यालाच मिळाला होता. तरी सोलापुरात औषधी रोपांच्या ओळीत, अडुळसा-गुळवेलीच्या शेजारी, काळ्या पिशवीत हा विकायला ठेवलेला दिसतो. दिवाळीच्या उटण्याला घरच्या गाठी, म्हणजे याचे जमिनीखालचे सुवासिक कंद, हव्यात म्हणून लोक तो नेतातही.

हे परीक्षण त्या पिशवीतल्या रोपाचे. निकाल आधीच सांगून टाकू. बंद कुंडीत ठेवणार असाल, तर सोलापूरच्या उन्हात इतके न कुरकुरणारे देशी झाड मिळणे कठीण. पाचपैकी साडेचार. वाफ्यात, लॉनमध्ये किंवा कुंपणाकडेला जमिनीत लावणार असाल, तर शून्य. शेजाऱ्याला विचाराल तर उणे एक.

पिशवीत नक्की कोण आहे

पहिली अडचण नावाची. "लव्हाळा द्या" म्हटले की अनेक ठिकाणी अंब्रेला पाम पुढे केला जातो. तीन-चार फुटांचे हिरवे दांडे आणि प्रत्येक दांड्याच्या टोकाला छत्रीसारखी उघडलेली पाने, असे ते झाड. तो पाम नव्हे, लव्हाळ्याच्याच कुळातला आहे, पण मूळचा आफ्रिकेकडचा. पाण्याच्या टाकीशेजारी शोभतो, त्याला नावे ठेवायचे कारण नाही. मात्र त्याला उटण्याच्या गाठी येत नाहीत आणि तो देशीही नाही. "देशी आहे, तलावात उगवतो" असे कोणी सांगितले तरी छत्री दिसली की समजावे, हा पाहुणा.

खरा नागरमोथा, शास्त्रीय नावाने सायपरस रोटंडस, बुटका असतो. पाने वीतभर ते हातभर, गडद हिरवी, गुळगुळीत, मधोमध खोल शीर असलेली. फुलोऱ्याचा दांडा एक-दीड फूट वर येतो आणि त्यावर तांबूस-जांभळट तुरे फुटतात. दांडा दोन बोटांत धरून फिरवा. गवताचा दांडा गोल लागतो आणि त्याला पेरे असतात. याला पेरे नाहीत आणि बोटांना तीन कडा स्पष्ट लागतात. पानेही तीनच दिशांना फुटतात. वरून पाहिले की तीन पात्यांच्या पंख्यासारखे दिसते.

एवढ्यावर समाधान मानू नका, कारण याचाच एक भाऊ, सायपरस एस्क्युलेंटस, दिसायला जवळपास तसाच असतो. फरक तुऱ्यात आणि गाठीत. त्याचे तुरे वाळल्या कडब्याच्या रंगाचे, पिवळट. गाठी दोऱ्याच्या टोकाला एकेकट्या लागतात, चवीला गोडसर आणि वासाला काहीच नाहीत. नागरमोथ्याच्या गाठी माळेतल्या मण्यांसारख्या एकामागे एक असतात, काळपट तपकिरी, केसाळ. नखाने खरवडल्या की तो ओळखीचा उग्र-गोड वास येतो. विक्रेता परवानगी देत असेल तर पिशवीच्या कडेने बोट घालून एक गाठ वर काढा. वास नाही तर रोप नको.

वाळ्याशीही याची गल्लत होते. तो गवत आहे, त्याच्या मुळ्या सुवासिक, गाठी नसतात आणि तो एका जागी ठोंब धरून राहतो. ज्यांना जमिनीतच सुवासिक मुळाचे काहीतरी लावायचे आहे, त्यांनी मुकाट्याने वाळा न्यावा.

मोठ्या पिशवीचे जादा पैसे देऊ नका

रोप लहान घ्यावे की मोठे, हा प्रश्न इथे फिजूल आहे. एक जिवंत गाठ आणि दोन-तीन पाती असलेली चार इंची पिशवी पुरते. उन्हाळी-पावसाळी हवामानात फुटवा वर आल्यापासून साधारण सहा-आठ आठवड्यांत नव्या गाठी धरायला लागतात आणि दोन महिन्यांत दहा इंची कुंडी भरून निघते. मोठ्या पिशवीत तुम्ही फक्त माती जास्त घेता, आणि त्या मातीत आणखी कोण लपले आहे ते देव जाणे.

पाहायच्या गोष्टी दोन. मधली कोवळी पात, म्हणजे पोंगा, वाळलेला आणि ओढल्यावर सहज हातात येणारा असेल तर खोडात अळी आहे. ते रोप सोडून द्यावे. पानांवर नारिंगी-तपकिरी भुकटीचे ठिपके असतील तर तांबेरा. रोप मरत नाही, पण गाठी बारीक राहतात.

गंमत अशी, की अनेकांच्या घरी हे रोप आधीच आलेले असते, फुकट. नर्सरीच्या पिशव्या शेतातल्या काळ्या मातीने भरतात आणि त्या मातीत लव्हाळ्याच्या गाठी हमखास असतात. जास्वंद किंवा मोगरा घरी आणला आणि पंधरा दिवसांत बुंध्याशी तीन कडांची पाती निघाली, की समजावे जोडीला नागरमोथा आला. तेवढाच हवा असेल तर तिथून काढून कुंडीत लावा, विकत घ्यायची गरज नाही.

काष्ठौषधींच्या दुकानातल्या वाळलेल्या गाठी लावून पाहण्याचा मोहही आवरावा. त्या पूर्ण वाळवलेल्या असतात, कित्येकदा वरचे केस जाळून काढलेले असतात, उगवत नाहीत. उटण्याला उत्तम, लावणीला निरुपयोगी. शिवाय अत्तराच्या धंद्यात नागरमोथा म्हणून ज्याचे तेल काढतात तो मुख्यतः वेगळा, सायपरस स्कॅरिओसस; बाजारात दोन्हींची सरमिसळ होते. आणि नाल्याच्या काठचा किंवा उसातला लव्हाळा फुकट मिळतो म्हणून उपटून आणला, तर तो फक्त शोभेपुरता ठेवावा. उसात या तणावर हॅलोसल्फ्युरॉन मिथाईलसारखी तणनाशके मारली जातात आणि नाल्यात सांडपाणी असते. त्या गाठी अंगाला लावायच्या नाहीत, पोटात घ्यायच्या तर नाहीतच.

कुंडीची मांडणी: इथे कंजुषी नको

या रोपाचा सगळा खेळ कुंडीत आहे. किंमत रोपाची नव्हे, कैदेची मोजायची.

नुसती भोकाची कुंडी फरशीवर ठेवली तर भोकातून टोकदार दोर, म्हणजे जमिनीखालचे आडवे खोड, बाहेर येते आणि फरशीच्या सांध्यातल्या मातीत पहिली गाठ धरते. नुसती बिनभोकाची कुंडी ठेवली तर तो सुखाने जगतो, कारण पाणथळ त्याला चालते. पण सोलापूरच्या बोअरचे पाणी जड, त्यातले क्षार निघून जायला वाट नसते. सहा महिन्यांत मातीवर पांढरा थर आणि पानांची टोके तपकिरी.

म्हणून दोन भांडी घ्यावीत. आत भोकांची दहा इंची कुंडी, बाहेर बिनभोकाचा सोळा इंची टब. टबात एक वीट आडवी ठेवायची आणि कुंडी तिच्यावर. बारा इंची कुंडीही चालते, पण तिच्यात साधारण 15 लिटर माती बसते आणि ओली झाली की ती 20 किलोंच्या पुढे जाते. टब ओतायला आणि बूड पाहायला ती वरचेवर उचलायची आहे हे लक्षात ठेवून आकार ठरवा. दहा इंची एकट्याला उचलता येते.

सिमेंटची कुंडी जड पण टिकाऊ. पातळ प्लास्टिक उन्हाने दोन उन्हाळ्यांत तडकते आणि तडकलेल्या फटीतून हा बाहेर पडतो. विणलेल्या कापडाच्या ग्रो बॅग या कामाला अजिबात घेऊ नका. याच्या फुटव्याचे टोक सुईसारखे असते. मल्चिंगचा प्लास्टिक कागद तो खालून भोसकून वर येतो, तिथे विणीच्या जाळीचे काय घेऊन बसलात.

मातीचे मिश्रण: दोन भाग काळी माती, दोन भाग जाड वाळू किंवा क्रश सँड, एक भाग चांगले कुजलेले शेणखत. वाळू इतकी जास्त कशाला? नुसती काळी माती वाळली की भेगाळते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. मग घातलेले पाणी त्या फटीतून थेट खाली पळते आणि मधला गड्डा कोरडा राहतो. दुसरे कारण काढणीचे. चिकट मातीतल्या गाठी धुता धुता बादल्या रिकाम्या होतात, वाळूतल्या हाताने चोळल्या तरी स्वच्छ निघतात. मुरूम घालू नये, गाठी वेड्यावाकड्या होतात.

दहा इंची कुंडीत चार गाठी, चार-पाच सेंटिमीटर खोल, एकमेकींपासून आठेक सेंटिमीटरवर. मृगाचा पाऊस पडल्यावर लावल्या तर आठवड्या-दीड आठवड्यात कोंब दिसतात. फेब्रुवारीअखेरही लावता येतात. डिसेंबर-जानेवारीत लावून उपयोग नाही, थंडीत गाठ नुसती बसून राहते.

पाणी, ऊन आणि डास

ऊन भरपूर हवे, किमान सहा तास थेट. सावलीत तो मरत नाही, पण लांबुडका, फिका होतो आणि गाठी धरत नाही. गॅलरीत फक्त सकाळचे दोन तास ऊन येत असेल तर हे रोप घेऊन पैसे वाया घालवू नका.

मे महिन्यात पारा 42-44 अंशांवर असताना गच्चीवरच्या दहा इंची कुंडीला दिवसाला साधारण लिटरभर पाणी लागते, बारा इंचीला दीड. टबात तीन इंच पाणी भरून ठेवले तर तीन-चार दिवस चिंता नाही. ज्या भागात नळाला दोन-चार दिवसांआड पाणी येते, तिथे या रोपाची खरी किंमत कळते. बाकी फुलझाडे माना टाकतात, हा उभा. अगदी पूर्ण कोरडा पडला तर वरची पाने वाळतात, पण गाठी जिवंत राहतात आणि पाणी मिळाले की पुन्हा फुटतात. हाच गुण शेतकऱ्याला रडवतो, कुंडीवाल्याला सुखावतो.

डासांचे मात्र पाहावे लागते. टबातले साचलेले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून, टब घासून, उन्हात कोरडा करून मगच पुन्हा भरायचा. उन्हाळ्यात अंड्यापासून डास उडायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवडा ही कमाल मुदत. गप्पी मासे सोडायचा सल्ला मिळेल, पण मे महिन्यात गच्चीवरच्या तीन इंच पाण्यात मासे शिजतात. ओतलेले पाणी दुसऱ्या झाडांना घालू नका, त्यात क्षार साठलेले असतात. पावसाळ्यात दोन-तीन मोठ्या सरी कुंडीवरून थेट जाऊ द्या, वर्षभराचा पांढरा थर धुऊन निघतो.

दर पंधरा दिवसांनी कुंडी उचलून बूड पाहायचे. भोकातून पांढरे, टोकदार दोर डोकावत असतील तर कात्रीने कापून उन्हात वाळवायचे. टबाच्या तळाशी गाळ साचला असेल तर बोटांनी चाचपून पाहा, त्यातही गाठ सापडते. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि नेमके हेच टाळले जाते.

खताचा बाऊ नको. दोन महिन्यांनी मूठभर शेणखत पुरे. युरिया घातला तर पानोळा माजतो आणि मऊ पानांवर पिठ्या ढेकूण बसतो.

जमिनीत लावला तर काय होते, आणि का

"एका कोपऱ्यात लावू, वाढला तर उपटू," हा विचार सगळ्यात महागात पडतो. कारण समजून घेण्यासारखे आहे. एका माळेतल्या गाठींपैकी टोकाची गाठ फुटलेली असली की ती बाकीच्यांना दाबून ठेवते, त्या झोपलेल्या राहतात. तुम्ही खुरपे घातले की माळ तुटते, दाब जातो आणि प्रत्येक सुटी गाठ स्वतंत्र फुटते. एकाच्या जागी सहा झाडे. वर एकेका गाठीवर अनेक डोळे असतात, म्हणजे पाती उपटली तर दुसरा डोळा जागा होतो. बियांचे भय फारसे नाही, याचे बी क्वचितच रुजते. सगळा पसारा गाठींचा.

लॉनमध्ये तर पाहायलाच नको. लॉन कापल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गवतापेक्षा वर डोके काढून जी गडद पाती उभी राहते, ती हीच. लॉनचा गालिचा विकत आणताना त्याच्या मातीची खालची बाजू तपासून घ्यावी, ते यासाठी.

आधीच लागला असेल तर तणनाशकाच्या मागे धावू नका. घरच्या बागेत वांगी, मिरची, गुलाब एकत्र असतात. उसात चालणारे औषध त्यांना मारते. जास्त चालते ती चिकाटी. दर दोन आठवड्यांनी, पाचवे-सहावे पान फुटायच्या आत, पाती जमिनीलगत कापत राहायची. गाठीतला साठा खर्च होत जातो आणि नवा भरायला पाने उरत नाहीत. दोन पावसाळे लागतील. बहुतेक गाठी वरच्या वीतभर मातीत असतात, म्हणून एप्रिल-मेमध्ये तेवढी माती उकरून उन्हात उलथी-पालथी करणे सगळ्यात परिणामकारक. शेतकरी उन्हाळी नांगरट करतात, त्यामागचा हिशोब हाच. फक्त काळ्या मातीची मोठी ढेकळे फोडा. ढेकळाच्या पोटात ओल टिकते आणि तिथली गाठ वाचते. उरलेल्या जागेवर दाट सावली धरणारे काही लावा, भोपळ्याचा वेल किंवा रताळे.

काढणी

जूनमध्ये लावलेल्या कुंडीतल्या गाठी डिसेंबर-जानेवारीत, पाने पिवळी पडू लागली की काढाव्यात. आधी दहा-बारा दिवस पाणी बंद. मग कुंडी गोणपाटावर उपडी करायची, जमिनीवर नाही. माती वाळू चाळायच्या चाळणीतून गाळायची. जाड, टणक, करंगळीच्या पेराएवढ्या गाठी उटण्याला. बारीक, पांढुरक्या, कोवळ्या गाठींपैकी चार-पाच पुढच्या लावणीला ओल्या वाळूत ठेवायच्या.

गाठी धुऊन, केस चोळून काढून, दोन दिवस सावलीत आणि मग आठ-दहा दिवस उन्हात. वाळल्याची खूण अशी: दोन गाठी एकमेकींवर आपटल्या की खणखण वाजतात आणि फोडल्यावर आतून फिक्कट तांबूस दिसतात. दळताना थेट मिक्सरमध्ये टाकू नका, पाते बोथट होते. आधी खलबत्त्यात जाडसर कुटून घ्या आणि मग मिक्सरला लावून वस्त्रगाळ करा. दहा इंची कुंडीतून पहिल्या वर्षी मिळाल्या तर दोन-तीन मुठी वाळल्या गाठी. घरच्या दिवाळीला पुरतात, विकायला नाही. या बाबतीत अर्धा गुण कापला आहे, कारण दुकानात तेवढ्या गाठी सहज आणि स्वस्त मिळतात. ताज्या घरच्या गाठीचा वास मात्र दुकानातल्या जुन्या मालाला येत नाही. आयुर्वेदातला मुस्ता तो हाच, पण पोटात घ्यायचा असेल तर वैद्यांना विचारून, कुंडीतला आहे म्हणून आपल्या मनाने नव्हे.

राहिली ती चाळलेली माती, आणि सगळ्यात जास्त चूक तिथेच होते. काढणी झाली, माती चांगली दिसते, म्हणून ती गुलाबाच्या आळ्यात ओतली जाते. चाळणीतून गव्हाएवढे दाणे खाली गेलेले असतात आणि पुढच्या पावसात गुलाबाभोवती हिरवे कुंपण उभे राहते. ती माती पोत्यात कोरडी बांधून ठेवा. मे महिन्यात गच्चीच्या स्लॅबवर दोन बोटे जाडीचा थर पसरून पंधरा दिवस, रोज एकदा उलटून, कडक उन्हात भाजून घ्या. त्यानंतरही ती पुन्हा नागरमोथ्याच्याच कुंडीत भरावी.